हिमपरीच्या दारात चंद्री

चंद्री म्हशीची धार काढता काढता हंबीररावांनी जाहीर करून टाकलं, की आता आपण फार दिवस म्हशीखाली बसणार नाही. बातमी बायकोसाठी होती, पण सांगितली त्यांनी चंद्रीच्या पोटाकडे तोंड करून. मोठी बातमी देताना झुंबरबाईंच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे शहाणपण त्यांना लग्नानंतर लवकरच आलं होतं.

"म्हशीखाली न्हाय, मग कुठं बसणार?" झुंबरबाईंनी शेणाची पाटी उचलता उचलता विचारलं.

"खुर्चीवर. आईस्क्रीमच्या दुकानात. आपण फ्रँचायझी घेतोय."

"काय घेतोय?"

हा शब्द तोंडात बसायला हंबीररावांनाही वेळ लागला होता. गोठ्यात कुणी ऐकत नसताना त्यांनी तो चंद्रीला पुष्कळदा म्हणून दाखवला होता. ते आता समजावून सांगायला लागले, "म्हंजे असं बघ. पाटी कंपनीची, माल कंपनीचा, फ्रीझर कंपनीचा, कप कंपनीचं. आपल्या अंगातला शर्टबी कंपनीचा."

"मग तुमचं काय?"

"दुकान माझं की!"

"आणि पैसं कोण भरणार?"

"अनामत तेवढी आपली."

"एवढंच आपलं दिसतंय," असं म्हणून झुंबरबाई पाटी घेऊन उकिरड्याकडे गेल्या.

साल दोन हजार चार. कोल्हापुरात तेव्हा जो तो कसली ना कसली फ्रँचायझी घेत होता. कुणी कॉम्प्युटर क्लासची, कुणी मोबाईलच्या दुकानाची. हंबीररावांच्या इचलकरंजीच्या साडूनं कुरिअरची घेतली होती आणि तिथूनच हे दुखणं सुरू झालं. साडूच्या हापिसात फिरती खुर्ची होती. बोलता बोलता साडू गर्रकन फिरून मागचा फोन घ्यायचा आणि परत गर्रकन फिरून म्हणायचा, "हां, काय म्हणत हुता, दाजी?" समोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले हंबीरराव तेवढ्या वेळात काय म्हणत होते ते विसरून जायचे. आपण जन्मभर पहाटे उठून उकिडवे बसलो आणि हा गडी बसल्या जागी फिरतोय, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

त्यातच मंगळवार पेठेत, त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच 'हिमपरी आईस्क्रीम' सुरू झालं. काचेचं दार, गुलाबी भिंती, छताजवळ पंख पसरलेली परी आणि गल्ल्यामागे एक उंच, गोल, फिरतं स्टूल. दुकान सध्या पुण्याची कंपनीच चालवत होती, पण चालवायला इथला माणूस शोधत होती. कंपनीचे साहेब प्रसेनजीत हे मूळचे हातकणंगल्याचे. शिक्षण आणि नोकरी पुण्यात झाल्यामुळे त्यांचं बोलणं धुऊन इस्त्री केल्यासारखं झालं होतं. हंबीररावांनी निरोप धाडल्यावर एके दिवशी ते त्यांच्या घरी आले, कॉटवर बसले आणि त्यांनी सगळी योजना नीट उलगडून सांगितली.

"साहेब, मी काय म्हणते," झुंबरबाई दारातून म्हणाल्या, "लाईट गेली तर..."

"अगं, तू च्या टाक की!" हंबीररावांनी त्यांना मध्येच तोडलं. एवढ्या मोठ्या माणसाला असलं काही विचारलं, तर तो उठून साडूकडे जाईल अशी त्यांना धास्ती होती.

प्रसेनजीत साहेबांनी का कुणास ठाऊक, सुटल्यासारखी मान हलवली. मग म्हणाले, "कंपनीची एक पद्धत आहे. करार करण्याआधी तुम्ही एक रविवार दुकान स्वतः चालवायचं. धंदा तुम्हाला मानवतो का, ते तुम्हालाही कळेल आणि आम्हालाही. नियम सोपे आहेत. गोळा चमच्याच्या काठाबरोबर सपाट करायचा. कुणी चव मागितली तर लाकडी चमच्यावर द्यायची, ती फुकट. बाकी फुकट काही नाही आणि उधारही नाही. आणि दुकान सोडून कुठं जायचं नाही. मी संध्याकाळी येऊन बघेन."

"म्हंजे परीक्षाच की," हंबीरराव म्हणाले.

"तसंच समजा."

अनामतीसाठी चंद्री आणि तिची जोडीदारीण, दोन्ही म्हशी विकायच्या ठरल्या. कागलच्या बाळासो नावाच्या व्यापाऱ्यानं त्या बघून ठेवल्या होत्या. पण बाळासो या धंद्यात मुरलेला माणूस. तो म्हणाला, "धार बघितल्याबिगर मी म्हस घेत न्हाय. आणि धार मालकानंच काढायची. परक्या हाताला म्हस पान्हा चोरती, मग मला कसं कळणार तिच्यात काय हाय? मी रविवारी सांजच्याला येतो."

रविवारी सांजच्याला आपण काचेच्या दाराआड असणार, हे हंबीररावांच्या लक्षातच आलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं स्टूल फिरत होतं.

रविवारी सकाळी ते कंपनीचा गुलाबी शर्ट घालून दुकानात उभे राहिले. शर्ट पोटावर जरा ताणला होता, त्यामुळे छातीवरची परी पोटावर आली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणून शेजारचे आबा आले. आबा त्यांचे दुधाचे जुने गिऱ्हाईक, आणि पेठेत कुठंही काही नवं निघालं की उद्घाटनाला न बोलावता हजर असणारे.

"हंबीरा, चव दावतोस म्हणं?"

"नियमच हाय तसा. कुठली दावू?"

आबांनी डाव्या टोकापासून सुरुवात केली आणि फ्रीझरच्या उजव्या टोकापर्यंत सगळ्या चवी घेतल्या. मग म्हणाले, "पैल्या डब्याची काय हुती रं? इसरलो बघ." ती पुन्हा घेतली आणि शेवटी व्हॅनिला मागितलं.

हंबीररावांनी चमचा भरला आणि काठाबरोबर सपाट केला. गोळा कपात टाकला. इथवर सगळं कंपनीला हवं तसं झालं. पण त्यांचा हात हा दूधवाल्याचा हात होता. माप संपलं की वर थोडी धार घातल्याशिवाय तो हात कधी माघारी आलेला नव्हता. वरची धार न घालणाऱ्या दूधवाल्याकडं पेठेत कुणी दुसऱ्या दिवशी भांडं धरत नसे. त्यामुळं मालकाला न विचारताच हात पुन्हा डब्यात गेला आणि गोळ्यावर आणखी एक लहान गोळा बसला.

आबांनी खूश होऊन नोट पुढे केली.

"ठेवा ती खिशात! पैल्या दिशी तुमच्याकडनं पैसं घेऊ व्हय?"

"अरं, धंद्यात असं करू नये. घे."

"न्हाय म्हंजे न्हाय."

"म्हंजे मी फुकट खाणारा वाटलो व्हय तुला?" आबांचा आवाज चढला. त्यांनी नोट हंबीररावांच्या खिशात कोंबली. ती काढून हंबीररावांनी त्यांच्या बंडीत कोंबली. आबा दाराबाहेर पळाले आणि नोट आत फेकली. हंबीरराव ती घेऊन त्यांच्यामागे रस्त्यावर धावले आणि मधोमध गाठून त्यांनी आबांचा हात पिरगाळला. लांबून बघणाऱ्याला दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेत असं वाटत होतं, आणि बघणारे भराभर गोळा झाले.

"काय झालं? मारामारी कशापायी लागली?"

"अवो, हंबीरराव आईस्क्रीमचं पैसं घीना झालाय."

हे ऐकताच भांडण सोडवायची इच्छा मावळली आणि गर्दीची रांग झाली.

आबा हरले, पण त्यांचा मान दुखावला होता. त्याची भरपाई म्हणून ते गल्लीत फिरून दुकानाला गिऱ्हाईक पाठवायला लागले. प्रत्येक जण येऊन सांगे, "आबांनी धाडलंय." आता आबांनी धाडलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे म्हणजे आबांकडूनच घेतल्यासारखं. लहान पोरं आली, त्यांच्याकडून काय घ्यायचं? झुंबरबाईंच्या माहेरची माणसं आली, त्यांच्याकडून घेतले तर रात्री घरात जेवायला मिळालं नसतं. नाही म्हणायला अनोळखी लोक पैसे देत होते, पण ते दोन वाक्यं बोलले की कुणाचे तरी पाव्हणे निघत आणि हंबीरराव ते पैसे परत करत. दुपारी तालमीतली पोरं आली. त्यांच्यासमोर चव घ्यायचा लाकडी चमचा दात कोरायच्या काडीसारखा दिसायला लागला.

"हंबीरतात्या, ह्यातनं चव कळंना झाल्या. मोठा चमचा न्हाय का?"

होता. तो गोळ्याचा होता.

ऊन उतरायच्या आत फ्रीझरचा तळ दिसला. मालाची गाडी आता मंगळवारशिवाय येणार नव्हती. बाहेर रांग तशीच होती, आणि सकाळपासून हंबीररावांना त्या स्टुलावर टेकायलाही सवड मिळाली नव्हती. दुकान थोडं आवरावं म्हणून त्यांनी आईस्क्रीमच्या कोनांचा खोका उचलून बाहेर पायरीवर ठेवला, तर समोरून झुंबरबाई येताना दिसल्या. त्यांच्या हातात धारेची चरवी होती. मागे चंद्री होती. चंद्रीच्या मागे बाळासो होता.

"हे काय? हिला हिकडं कशाला आणलीस?"

"मग काय करू? पावणं गोठ्यात येऊन बसल्यात. मालकानंच धार काढायची म्हणत्यात. तुमी तर काचंत बसलासा. म्हस तटतटल्या. आता मालक म्हशीकडं येत न्हाय म्हटल्यावर म्हशीला मालकाकडं आणली."

"मला परत कागल गाठायचंय, तात्या," बाळासो म्हणाला. "झटक्यात काढा."

दुकान सोडायचं नाही असा नियम होता. दुकानासमोर म्हैस पिळू नये असा नियम मात्र साहेबांनी कुठंच सांगितला नव्हता. हंबीररावांनी इकडेतिकडे पाहिलं, 'हिमपरी'च्या पाटीच्या खांबाला कासरा गुंडाळला आणि गुलाबी शर्टाच्या बाह्या सारून ते उकिडवे बसले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या पायांना बरं वाटलं. चंद्रीनं मालकाचा हात ओळखला, पान्हा सोडला आणि चरवीत धारा वाजायला लागल्या.

तो आवाज रांगेत शेवटपर्यंत गेला. कोल्हापूरच्या माणसाला समोर काढलेलं धारोष्ण दूध दिसल्यावर आईस्क्रीम आठवत नाही. तालमीतला एक जण पुढे आला. "तात्या, हेच द्या की. भांडं न्हाय, पण ते कप हाईत."

कप होते आणि आईस्क्रीम नव्हतं, त्यामुळे त्यात वावगं कुणालाच वाटलं नाही. झुंबरबाईंनी गुलाबी कपांची चळत काढली आणि फेसाळ दूध वाटायला सुरुवात केली. दोन कप झाले, की "व्हय, पैसं इथं टाका, आबा, तुमीबी टाका," असं त्या म्हणत होत्या आणि लोक मुकाट्यानं टाकत होते. दुधाला पैसे द्यायचे असतात याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. तेवढ्यात चंद्रीनं मान वळवली. तिला पायरीवर कोनांचा खोका दिसला आणि ती कुरुमकुरुम करत कंपनीचा माल संपवायला लागली.

नेमकी त्याच वेळी प्रसेनजीत साहेबांची मोटारसायकल येऊन थांबली. साहेबांनी हेल्मेट काढलं. पुन्हा घातलं. पुन्हा काढलं.

"हे... हे काय आहे?"

"म्हस," बाळासोनं माहिती पुरवली.

"हंबीरराव! माल कुठं आहे?"

"संपला, साहेब."

"सगळा?" साहेबांचा चेहरा उजळला. "मग गल्ला?"

हंबीररावांनी खाली मान घालून चंद्रीच्या कासेकडे पाहिलं. साहेब आत गेले, गल्ला उघडून बघितला आणि बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोलण्याची इस्त्री मोडली होती. "अवो, चांगल्या माणसानं असं करतात व्हय? आख्खा फ्रीझर वाटून टाकलासा? मी पुण्याला काय तोंड दावू?"

"आदी दूध घ्या, साहेब," झुंबरबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. "मग रागवा."

रिकाम्या हातानं रागावणं सोपं असतं. भरलेला कप हातात घेऊन ते जमत नाही, सांडायची भीती असते. म्हणून साहेबांनी तो आधी तोंडाला लावला. कप खाली आला तेव्हा त्यांच्या मिशीवर फेस होता आणि डोळे हातकणंगल्यापर्यंत जाऊन आल्यासारखे दिसत होते.

"मी नापास, साहेब," हंबीरराव उठत म्हणाले. "मला माहीत हाय. नुकसान भरून देतो."

साहेबांनी मिशी पुसली. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, "पास आहात तुम्ही."

"आँ?"

"या परीक्षेत आजवर कुणीच नापास झालेलं नाही. सांगलीत एकानं फ्रीझरमध्ये मासे ठेवले होते. तोही पास झाला. अनामत आली की कंपनीचं समाधान होतं. करार माझ्या बॅगेत आहे."

"मग काय!" बाळासोनं खांबाचा कासरा सोडायला घेतला. "माझंबी समाधान झालंय. म्हस गुणाची हाय. द्या हात, तात्या, सौदा झाला."

हंबीररावांच्या एका बाजूला साहेबांची बॅग होती आणि दुसऱ्या बाजूला बाळासोचा पुढे केलेला हात. काचेतून स्टूल दिसत होतं. एक होकार दिला, की आयुष्यात पुन्हा उकिडवं बसायची गरज नव्हती. चंद्री मात्र कोन चावत होती. हंबीररावांचा हात अर्धा पुढे गेला, पण तो बाळासोच्या हाताला पोचायच्या आत झुंबरबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"साहेब, त्या दिशी तुमी च्या पिऊन गेलासा आणि माझं इचारायचं ऱ्हायलं. लाईट गेली आणि माल इतळला, तर नुकसान कुणाचं?"

हंबीरराव "अगं..." म्हणाले, पण या खेपेला त्यांना चहाचं निमित्त सुचलं नाही.

"दुकानदाराचं," साहेब म्हणाले.

"मिरगापास्नं दिवाळीपत्तूर आईस्क्रीम कोण खातंय?"

"फारसं कोणी नाही."

"तवा भाडं?"

"ते भरावं लागतं."

"आणि पलीकडच्या चौकात तुमी आणिक कुणाला अशीच परी दिलीसा तर?"

साहेबांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "देऊ शकते कंपनी."

"बरं. आता शेवटचं. तुमी तर सगळं जाणतासा. तुमी सोता का न्हाय घेतलं एक दुकान?"

रांगेतल्या लोकांनीही कप खाली केले. साहेबांनी बॅग मोटारसायकलला अडकवली. मग घरच्या बोलीत म्हणाले, "म्या हिशेब करून बघितलाय की, वैनी."

पहिल्यांदा आबा हसले, मग तालमीतली पोरं, मग सगळी रांग. साहेबही हसले. हंबीरराव मात्र हसले नाहीत. त्यांनी एकदा स्टुलाकडे नीट बघून घेतलं, मग बाळासोच्या हातातून कासरा काढला आणि तो आपल्या मनगटाला गुंडाळला.

"पावणं, तुमाला हेलपाटा पडला. पर म्हस द्यायची न्हाय."

"आता हो! तोंडातनं शब्द गेलता की तुमच्या!"

"शब्द दिलता धार दाखवायचा. दाखवली," झुंबरबाई म्हणाल्या आणि बाळासोच्या हातात त्यांनी कप ठेवला. "हे घ्या. तुमच्याकडनं पैसं न्हाय घेत."

बाळासो कुरकुरत दूध पिऊन गेला. गर्दी पांगली. हंबीरराव शर्ट काढून घडी घालायला लागले. खाल्लेल्या मालाची किंमत दुधातून फेडायची असं ठरलं, आणि साहेबांच्या कोल्हापुरातल्या बिऱ्हाडी रोज रतीब सुरू झाला की ती कधी ना कधी फिटेल, असं झुंबरबाईंनी परस्पर ठरवूनही टाकलं. साहेबांनी मान डोलावली, पण ते जाईनात. मोटारसायकलला किल्ली लावून ते उगाच उभे होते.

"हंबीरराव," शेवटी ते म्हणाले, "एक इचारू? गावाकडं आमचा गोठा मोकळाच पडलाय. अशी एखादी म्हस... म्हंजे नोकरी सोडून म्हणत न्हाय. पर समजा, सोडून. कसा काय हाय धंदा?"

हंबीररावांनी घडी घातलेला शर्ट काखेत मारला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शिकलेला माणूस त्यांच्यापुढे उभा राहून त्यांच्या धंद्याची चौकशी करत होता. ते जरा ताठ झाले. "हिला लाईट लागत न्हाय. पावसाळ्यात दूध वाढतंय. पाटी लागत न्हाय, अनामत लागत न्हाय. पर सुट्टी न्हाय बघा. दिवाळीलाबी न्हाय, घरात लगीन असलं तरी न्हाय."

"ते झेपंल. पर मला जमंल का?"

"ते आमी कोण सांगणार?" झुंबरबाई चरवी उचलत म्हणाल्या. "तिलाच इचारा."

साहेब दबकत दबकत चंद्रीच्या पुढे जाऊन उभे राहिले. चंद्रीनं तोंडातला शेवटचा कोन गिळला. तिनं साहेबांना वरपासून खालपर्यंत निरखलं, मान पुढे काढली आणि आपली लांब, खरबरीत जीभ त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून पोटापासून कॉलरपर्यंत सावकाश फिरवली.

साहेब मागे सरकले नाहीत. त्यांनी फक्त वरच्या खिशातलं पेन काढून मागच्या खिशात ठेवलं आणि छाती पुन्हा पुढे केली.